स्थिरचित्रातील अध्यात्म : अध्यारोप आणि अपवाद

१. प्रश्नाचे स्वरूप

वासिली कांदिन्स्की याचा कलेतील आध्यात्मिकतेविषयीचा सुप्रसिद्ध ग्रंथ १९११ च्या अखेरीस म्युनिक येथे प्रकाशित झाला. चित्रकलेने दृश्य वस्तूंच्या अनुकरणाचे बंधन टाकून द्यावे आणि रंग व आकार यांच्या आंतरिक निनादावर विसंबावे, या विचाराला त्या ग्रंथाने प्रतिष्ठा मिळवून दिली. असे असूनही पॉल सेझान (१८३९–१९०६) याचा गौरव करताना कांदिन्स्कीने आधार घेतला आहे तो चहाच्या पेल्याचा. पेल्यासारख्या क्षुद्र वस्तूतही सेझानला सजीव सत्तेची प्रतीती झाली, आणि बाहेरून निर्जीव दिसणाऱ्या वस्तू जेथे आतून सजीव होतात अशा पातळीवर त्याने स्थिरचित्राला नेऊन ठेवले, असा त्या विवेचनाचा आशय आहे. वस्तूचा निरोप घेण्यास निघालेल्या ग्रंथकाराला आध्यात्मिकतेचे प्रमाण वस्तूपाशीच सापडावे, या घटनेत सौंदर्यशास्त्राचा एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे.

स्थिरचित्र हा प्रकार पाश्चात्त्य कलाविचारात दीर्घकाळ कनिष्ठ मानला गेला. आंद्रे फेलिबियँ याने पॅरिसच्या अकादमीतील १६६७ च्या व्याख्यानांना जी प्रस्तावना जोडली, तीत चित्रविषयांची उतरंड स्पष्ट मांडलेली आहे. मनुष्याकृती रंगविणारा सर्वांत वरचा, सजीव प्राणी रंगविणारा त्याच्या खालचा, आणि फळे, फुले, शिंपले रंगविणारा तळाचा. फ्रेंच भाषेत या प्रकाराला जे नाव मिळाले त्याचा शब्दशः अर्थ ‘मृत निसर्ग’ असा होतो. स्पॅनिश भाषेतील ‘बोदेगोन’ हे नाव कोठी, तळघर, खाणावळ यांच्याशी संबद्ध आहे. महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या विद्यार्थ्याला स्थिरचित्र म्हणजे तांब्या, वाटी, वांगी व मागे सोडलेला पडदा, अशीच त्याची ओळख असते; हाताला वळण लावण्याचे ते एक साधन. तळाच्या म्हणून गणलेल्या याच प्रकारातील काही कृतींविषयी मात्र ‘आध्यात्मिक’ हे विशेषण समीक्षक वारंवार वापरतात. त्या विशेषणाने नेमके काय सांगितले जाते, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

प्रारंभीच एक सावधगिरी आवश्यक आहे. कांदिन्स्कीने योजिलेला जर्मन शब्द बुद्धी, मन व आत्मा या तिन्ही क्षेत्रांना स्पर्श करतो. मराठीतील ‘अध्यात्म’ या शब्दाची व्याप्ती वेगळी असून त्याच्यामागे वेदान्ताची व संतसाहित्याची मोठी परंपरा उभी आहे. म्हणून ‘या चित्रातील लिंबे आध्यात्मिक आहेत’ असे विधान मराठीत करताच, ती लिंबे कोणत्या तरी देवतेची, तत्त्वाची किंवा साधनेची खूण असली पाहिजेत, अशी अपेक्षा वाचकाच्या मनात उत्पन्न होते. ही अपेक्षाच पुष्कळदा चित्र पाहण्याच्या आड येते.

या अडचणीचा विचार करण्यास वेदान्तातील दोन संज्ञा उपयोगी पडतात. सदानंदाच्या ‘वेदान्तसारा’सारख्या प्रकरणग्रंथात अध्यारोप म्हणजे वस्तूवर अवस्तूचा आरोप, दोरीवर सर्पाचा भास व्हावा तसा, आणि अपवाद म्हणजे त्या आरोपाचे निराकरण. मराठीत अपवादाचा रूढ अर्थ ‘नियमाबाहेरचे उदाहरण’ असा आहे. तो येथे अभिप्रेत नाही. वस्तूवर लादलेले जे काही असेल ते क्रमाक्रमाने काढून घेणे, एवढाच मर्यादित अर्थ येथे घ्यावयाचा आहे. स्थिरचित्रात आध्यात्मिकतेचा प्रत्यय येतो तो अध्यारोपाने की अपवादाने, असा प्रश्न मग विचारता येतो.

२. प्रतीकाचा मार्ग

अध्यारोपाचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे प्रतीक. सतराव्या शतकातील नेदरलँड्समध्ये वैभवाची व्यर्थता दाखविणारी स्थिरचित्रे विपुल निर्माण झाली. मानवी कवटी, विझत आलेली मेणबत्ती, घड्याळ, कोमेजणारे फूल, रिकामा पेला : या वस्तूंची भाषा ठरलेली होती आणि तत्कालीन प्रेक्षकाला ती वाचता येत होती. या चित्रांमागे धर्मभावना नव्हती असे कोणी म्हणणार नाही. परंतु तेथे वस्तू काम करते ते अक्षराचे. कवटीचा अर्थ कळला की कवटीचे कार्य संपते. चित्रकाराने ती अधिक कौशल्याने रंगविली काय किंवा कमी कौशल्याने रंगविली काय, बोध तोच राहतो. उलट, त्याच शतकात विलेम काल्फ (१६१९–१६९३) याच्या चित्रांत चिनी मातीचे वाडगे, शंखाचे पेले, अर्धवट सोललेली लिंबे यांची श्रीमंत आरास दिसते. तेथे वस्तू वाचली जात नाही. तिचा लोभ धरला जातो. एका ठिकाणी वस्तू बोधाची दासी झाली आहे, दुसऱ्या ठिकाणी भोगाची.

फ्रान्सिस्को दे झुर्बारान (१५९८–१६६४) याचे १६३३ मधील लिंबे, संत्री व गुलाब यांचे चित्र या संदर्भात विशेष पाहण्यासारखे आहे. हे चित्र सध्या कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. काळोख्या पार्श्वभूमीपुढे एका फळीवर तीन गट मांडलेले आहेत : डावीकडे धातूच्या तबकात लिंबे, मध्ये टोपलीत संत्री व त्यांची फुले, उजवीकडे दुसऱ्या तबकात पाण्याचा पेला आणि काठाशी टेकलेला गुलाब. तीन गटांवरून त्रैक्याचे व गुलाब आणि निर्मळ पाणी यांवरून कुमारी मेरीच्या पावित्र्याचे सूचन अभ्यासकांनी दाखविले आहे. झुर्बारानचे बहुतेक काम मठांसाठी व चर्चसाठी झालेले असल्याने हा अर्थ असंभवनीय नाही. पण एवढ्याने चित्राचा उलगडा होत नाही. हीच प्रतीके दुसऱ्या शेकडो चित्रांत आहेत, आणि ती चित्रे पाहताना या चित्रापुढे येणारी स्तब्धता येत नाही. अर्थात, ज्या गोष्टीमुळे हे चित्र वेगळे ठरते ती प्रतीकांच्या यादीत सापडणार नाही.

तिचा एक धागा चित्राच्या निर्मितीतच मिळतो. क्ष-किरणांच्या साहाय्याने या चित्राची तपासणी झाली, तेव्हा वरच्या रंगाखाली गोड पदार्थाची आणखी एक ताटली असल्याचे आढळले. झुर्बारानने ती प्रथम रंगविली व नंतर झाकून टाकली. ती ताटली राहिली असती तर ही फळे एखाद्या फराळाचा भाग झाली असती. कोणी तरी ती खाणार आहे, कोणी तरी ती मांडली आहे, असा प्रसंग चित्रात शिरला असता. ताटली जाताच प्रसंग गेला आणि तीन गटांमधील अंतर बोलू लागले. प्रतीकार्थ गृहीत धरला तरीही, चित्राला त्याचे सामर्थ्य प्राप्त झाले ते काहीतरी वगळल्यामुळे. हा अपवादाचा पहिला पुरावा होय.

३. चरित्राचा मार्ग

अध्यारोपाचा दुसरा प्रकार चित्रकाराच्या चरित्राचा. तोलेदो येथील हुआन सांचेझ कोतान (१५६०–१६२७) याने १६०२ च्या सुमारास काढलेले, आज सॅन डिएगोच्या कलासंग्रहालयात असलेले चित्र याचे उत्तम उदाहरण आहे. दगडी खिडकीसारखी एक चौकट. तिच्या आत निखळ काळोख. वरच्या बाजूने दोरीला टांगलेले बिहीचे फळ, त्याच्याखाली थोडी उजवीकडे टांगलेला कोबी, मग कट्ट्यावर कापलेले खरबूज व त्याची फोड, आणि सर्वांत उजवीकडे कट्ट्याच्या कडेबाहेर डोकावणारी काकडी. वरून खाली व मागून पुढे उतरत येणारी एक वक्र रेषा या पाच आकारांनी मिळून घडते. ती इतकी रेखीव आहे की गणितातील एखादा वक्र आठवावा.

हा चित्रकार १६०३ मध्ये घरदाराची व्यवस्था लावून कार्थुसियन संप्रदायाकडे वळला व ग्रानादाच्या मठात सेवक-बंधू म्हणून राहिला. हा संप्रदाय एकांत, मौन आणि मांसवर्ज्य आहार यांसाठी प्रसिद्ध आहे. साहजिकच, कोबी व काकडी यांच्या या चित्रात भावी संन्याशाचे वैराग्य पाहण्याचा मोह अनेकांना झाला. परंतु शिकागो येथील त्याच्याच चित्रात याच मांडणीत शिकार केलेले पक्षी टांगलेले आहेत. शाकाहारी वैराग्याचा सिद्धान्त तेथे लंगडा पडतो. शिवाय फळे व भाज्या टिकाव्यात म्हणून कोठीत त्या दोरीने टांगून ठेवणे ही त्या काळच्या स्पेनमधील साधी घरगुती रीत होती. म्हणजे दोरी काही स्वर्गातून आलेली नाही; ती स्वयंपाकघरातून आली आहे.

मग या चित्राचे गांभीर्य कोठून येते? उत्तर चित्रातच शोधावे लागते. कोठीतील टांगणे हा उपयोगाचा भाग होता. कोतानने तो उपयोग तसाच ठेवून त्याच्या भोवतीचे सगळे काढून घेतले : भिंत, इतर भांडी, माणसे, दुसऱ्या टोकाचा खिळासुद्धा. दोरी चौकटीबाहेर कोठे बांधली आहे ते दिसत नाही. प्रकाश बाजूने, कठोरपणे येतो आणि कोबीच्या प्रत्येक पानाची शीर उजळतो, तर मागचा काळोख काहीच सांगत नाही. या काळोखाला ईश्वर म्हणावे की शून्य म्हणावे, हे चित्र ठरवीत नाही. ते फक्त एवढे करते की, रोज चिरला जाणारा कोबी चिरला जाण्यापूर्वीच्या क्षणी, स्वतःच्या पूर्ण भारासह, पाहणाऱ्यासमोर उभा राहतो. चित्रकार पुढे मठात गेला नसता तरी या चित्रात काही उणे झाले नसते.

याच्या तुलनेत दिएगो वेलाझ्केझ (१५९९–१६६०) याचे १६१८ मधील मार्था व मेरी यांच्या घरातील ख्रिस्ताचे चित्र पाहावे. पुढे खलबत्त्यात कुटणारी उदास मोलकरीण, मासे, अंडी, लसूण. मागे कोपऱ्यातील चौकोनात येशू व त्या दोन बहिणी. पवित्र प्रसंग लहान झाला आहे आणि स्वयंपाकघर मोठे झाले आहे, पण दोन्ही वेगळेच राहिले आहेत. स्वयंपाकघरातील भांड्यांमध्येही प्रभू वावरतो, असे आविलाच्या संत तेरेसाने आपल्या भगिनींना सांगितले होते. वेलाझ्केझने ते सांगणे दोन खोल्यांत विभागून दाखविले. कोतानच्या चित्रात, त्याच्या कितीतरी आधी, एकच खोली आहे.

४. अध्यारोपाचा एक धडा

तत्त्वज्ञानाच्या बाजूने झालेल्या अध्यारोपाचे उदाहरण विसाव्या शतकात मिळते, आणि विद्यार्थ्यांनी ते विशेष लक्षात ठेवावे असे आहे. मार्टिन हायडेगर याने कलाकृतीच्या उगमाविषयी १९३५–३६ मध्ये दिलेली व्याख्याने १९५० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत व्हिन्सेंट व्हॅन गॉखच्या जोड्यांच्या चित्राचे विवेचन आहे. त्या झिजलेल्या जोड्यांत त्याला शेतकरी स्त्रीचे कष्ट, ओल्या मातीवरील तिची संथ चाल, धान्याची चिंता, जन्म-मृत्यूचे भय हे सारे प्रकट झालेले दिसले. उपयोगाची वस्तू चित्रात आल्यावरच तिचे वस्तुत्व उलगडते, हा त्याचा मूळ मुद्दा मोलाचा आहे.

१९६८ मध्ये मायर शपिरो या कलेतिहासकाराने त्यावर टीका केली. हायडेगरने चित्र पाहिले ते १९३० च्या ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात, हे त्याच्याकडूनच जाणून घेऊन शपिरोने ते चित्र कोणते असावे हे निश्चित केले, आणि ते जोडे कोणा शेतकरी स्त्रीचे नसून त्या काळी शहरात राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचेच होत, असे प्रतिपादिले. तत्त्वज्ञाने चित्रात जे पाहिले ते त्याने बरोबर आणलेलेच होते, असा या टीकेचा मथितार्थ. अर्थात शपिरोचे उत्तरही निर्दोष नाही. जोडे चित्रकाराचे ठरवून तोही त्यांत एका व्यक्तीचे आत्मचरित्र वाचू लागतो. एकाने जोड्यांत माती पाहिली, दुसऱ्याने मालक पाहिला. उभयतांच्या वादात चित्रातील एक साधी गोष्ट मागे पडली : ते जोडे कोणाच्याही पायात नाहीत, कोठेही चाललेले नाहीत, आणि त्यांच्याखालची जमीन ही कोणतीच विशिष्ट जमीन नाही. त्यांना पाय नाहीत म्हणूनच ते दिसतात.

५. वगळण्याची साधना

जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) याच्या कार्यात ही वगळण्याची क्रिया जवळजवळ संपूर्ण आयुष्याची पद्धती झाली. बोलोन्या शहरातील फोंदात्सा रस्त्यावरच्या घरात, तीन बहिणींसमवेत राहून, त्याने बाटल्या, डबे, सुरया, वाडगे यांची चित्रे दशकानुदशके काढली. १९३० ते १९५६ या काळात तो तेथील कला अकादमीत अम्लरेखन शिकवीत होता. ‘बोलोन्याचा संन्यासी’ अशी त्याची जी प्रतिमा रूढ झाली आहे ती सावधपणे घ्यावयास हवी. नियमाने अध्यापन करणारा, १९४८ मध्ये व्हेनिसच्या व १९५७ मध्ये साओ पाउलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पारितोषिक मिळविणारा हा चित्रकार जगापासून तुटलेला नव्हता. त्याचे वैराग्य शोधायचे असेल तर ते त्याच्या मेजावर शोधावे.

त्या मेजावर काय घडत होते याचा पुष्कळ पुरावा उपलब्ध आहे. बाटल्यांवरची नावाची चिठ्ठी व काचेची चमक नाहीशी व्हावी म्हणून तो काही बाटल्यांना रंग देई. त्यांच्यावर बसलेली धूळ तो तशीच राहू देई. मेजावर अंथरलेल्या कागदांवर वस्तूंच्या तळाच्या रेषा आखून तो त्यांच्या जागा निश्चित करी. असे रेषांनी भरलेले कागद मागे राहिले आहेत. चिठ्ठी गेली की बाटलीचा व्यापार गेला. चमक गेली की तिची ऐट गेली. आतले द्रव्य तर आधीच गेलेले. अशा रीतीने नाव, उपयोग व मोल काढून घेतल्यावरही काही उरते का, हा जणू त्याच्या प्रत्येक चित्राचा प्रश्न आहे. आणि प्रत्येक वेळी काहीतरी उरते : दोन बाटल्यांच्या कडा जेथे भेटतात तेथील संकोच, एका डब्याने दुसऱ्याला अर्धे झाकताना घेतलेली जागा, राखाडी व फिक्कट तांबूस यांच्यामधील इतके अल्प अंतर की डोळ्याला थांबल्यावाचून ते कळू नये.

या पुनरावृत्तीला जपाची उपमा देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. जपात नाम तेच असते व त्या नामाला अर्थ असतो. मोरांदीच्या बाटल्यांना नाम उरलेले नाही, आणि प्रत्येक मांडणी मागच्या मांडणीहून वेगळी आहे. उपमा सुंदर असली तरी ती पुन्हा अध्यारोपच करते.

६. दोन आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला रूपवाद्यांचा. वस्तूचे सर्व अर्थ काढून घेतल्यावर उरतो तो आकारांचा संबंध, आणि त्याला आध्यात्मिक म्हणण्याऐवजी सौंदर्यात्मक म्हणणे पुरेसे नाही काय? मराठीत बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांनी संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटनेची जी मीमांसा केली, तिच्या साहाय्याने कोतानचा वक्र व मोरांदीची मांडणी यांचे उत्कृष्ट विश्लेषण होऊ शकते. ते अवश्य करावे. परंतु ते विश्लेषण एका ठिकाणी थांबते. कोबीच्या जागी त्याच आकाराचा व रंगाचा निराकार गोळा ठेवला तर लय तीच राहील. चित्र तेच राहील काय? कोबी हा कोबी आहे, रोजचा आहे, नाशवंत आहे, ही जाणीव चित्रातून वजा करता येत नाही. १९१४ मध्ये ‘अर्थपूर्ण रूपा’चा सिद्धान्त मांडणाऱ्या क्लाइव्ह बेललाही, रूप इतके का हलवून सोडते हे सांगताना, वस्तूकडे साधन म्हणून न पाहता साध्य म्हणून पाहण्याच्या अवस्थेचा आश्रय घ्यावा लागला होता.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. वस्तूकडे निरुपयोगी दृष्टीने एकाग्र होऊन पाहणे एवढेच जर अध्यात्म असेल, तर ईश्वर, श्रद्धा, मोक्ष यांचे काय? झाँ सिमेऑं शार्दँ (१६९९–१७७९) याचे उदाहरण येथे निर्णायक ठरते. १७६१ च्या सुमाराचे त्याचे एक चित्र पिट्सबर्ग येथील कार्नेगी संग्रहालयात आहे : पाण्याचा पेला, कॉफीचे भांडे व लसणाचे गड्डे. धार्मिक खूण एकही नाही. १७६३ च्या प्रदर्शनावर लिहिताना शार्दँच्या स्थिरचित्रांची मुक्तकंठाने स्तुती करणारा दनी दिदरो हा तर धर्मसंस्थेचा कठोर टीकाकार. तरीही त्या पेल्यातील पाण्यापुढे श्रद्धावंत व अश्रद्ध दोघेही सारख्याच प्रकारे शांत होतात. ही शांती मोक्ष नव्हे, हे मान्य केले पाहिजे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसास्वादाला ब्रह्मास्वादाचा सहोदर म्हटले, सहोदर म्हणजे भावंड, तीच व्यक्ती नव्हे. स्थिरचित्राच्या बाबतीत ‘आध्यात्मिक’ हे विशेषण याच नात्याच्या मर्यादेत वापरणे उचित होय. ‘मला याचा काय उपयोग’ हा प्रश्न क्षणभर मिटणे, ही त्या नात्याची खूण.

७. मराठी परंपरा आणि प्रभाकर बरवे

मराठी वाचकाला या साऱ्या विवेचनात काही ओळखीचे वाटेल. सावता माळ्याने आपल्या मळ्यातील भाजीपाल्यात विठ्ठल पाहिला. जनाबाईच्या जात्यापाशी तो दळू लागला. गोरोबांची माती व मडकी परमार्थाच्या बोलण्यात आली. रोजच्या वस्तूत परमतत्त्व पाहण्याची सवय या भाषेला सात शतकांची आहे. म्हणूनच कोतानचा कोबी पाहताच सावतोबांचा मळा आठवणे स्वाभाविक आहे. परंतु दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. संतकवीजवळ नाम आहे. भाजी व विठ्ठल ही दोन पदे तो शब्दाने जोडतो, आणि जोडताच भाजी उजळते. चित्रकाराजवळ असे जोडणारे क्रियापद नाही. तो ‘ही भाजी विठ्ठल आहे’ असे रंगाने म्हणू शकत नाही. फार तर भाजीशेजारी विठ्ठलाची मूर्ती काढू शकतो, आणि मग ते स्थिरचित्र उरत नाही. जे काव्यात नामाने साधते ते चित्राला वगळण्यानेच साधावे लागते.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांची वाटचाल या दृष्टीने उद्बोधक आहे. कोकणातील नागाव येथे जन्मलेल्या आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या बरव्यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात काम केले. तेथील वास्तव्यात तांत्रिक आकृतिबंधांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. अजित मुखर्जी यांचा तंत्रकलेवरील ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या सुमारास अनेक भारतीय चित्रकार त्रिकोण, बिंदू, मंडल या चिन्हांकडे वळले. ही चिन्हे आध्यात्मिक म्हणून आधीच प्रमाणित झालेली होती. चित्रात त्रिकोण व बिंदू येताच प्रेक्षक ध्यानाची मुद्रा धारण करीत असे. चित्राने ती मिळविलेली असो वा नसो.

बरव्यांनी पुढे हा मार्ग सोडला, ही त्यांच्या कार्यातील मोठी घटना होय. त्यांच्या उत्तरकालीन चित्रांत पान, फळ, शंख, घड्याळ अशा साध्या वस्तू येतात, आणि त्या रंगविण्यासाठी त्यांनी एनॅमलसारखा बाजारी रंगही वापरला. पाश्चात्त्य स्थिरचित्रातील मेज येथे नाही. वस्तू विस्तीर्ण, सपाट, फिक्कट अवकाशात सुट्या उभ्या असतात. त्यांचे परस्पर प्रमाण व्यवहारातले नसते. मधली मोकळी जागा हीच पुष्कळदा चित्राची मुख्य वस्तू बनते. ‘कोरा कॅनव्हास’ या आपल्या मराठी पुस्तकात त्यांनी वस्तू, आकार व अवकाश यांच्या संबंधाविषयी जे चिंतन केले आहे ते याच अनुभवातून आलेले आहे. सिद्ध चिन्हांकडून असिद्ध वस्तूंकडे, म्हणजेच अध्यारोपाकडून अपवादाकडे, असा हा प्रवास दिसतो.

त्याबरोबर त्यातील धोकाही नोंदविला पाहिजे. वस्तू मेजावरून उचलून मोकळ्या अवकाशात ठेवली की तिचे वजन कमी होते, आणि वजन गेलेली वस्तू लवकरच चिन्ह होऊ पाहते. बरव्यांच्या काही चित्रांत पान हे पान न राहता एका खासगी लिपीतील अक्षर होते; तेथे जुन्या तांत्रिक चिन्हाची जागा नव्या चिन्हाने घेतली, एवढेच घडते. त्यांच्या उत्तम चित्रांत मात्र वस्तूचा नेमका कडा, तिची सावली, तिचे एकटेपण इतके प्रत्ययकारी असते की अर्थ लावण्याची घाई थांबते. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ मध्ये त्यांच्या कार्याचे सिंहावलोकी प्रदर्शन भरले, तेव्हा हे दोन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहण्याची संधी अभ्यासकांना मिळाली होती.

८. उपसंहार

वेदान्तातून घेतलेल्या संज्ञांचा हिशेब अखेरीस चुकता करणे आवश्यक आहे. वेदान्तात ‘वस्तू’ म्हणजे ब्रह्म. घट, पट आदी सारे अवस्तू. छांदोग्य उपनिषदातील दृष्टान्तात माती सत्य ठरते आणि घट हा केवळ नामरूपाचा विकार ठरतो. तत्त्वज्ञ घटाचे उदाहरण घेतो ते त्याला ओलांडण्यासाठी. संतकवी मडके हाती घेतो ते त्यात नाम भरण्यासाठी. स्थिरचित्रकार या दोघांपासून येथे वेगळा होतो. तो घटापाशी थांबतो. त्याचा अपवाद नाव, मोल, उपयोग, प्रसंग हे सारे काढून घेतो, पण घटाला हात लावीत नाही. वेदान्ताच्या दृष्टीने हे अर्ध्या वाटेवर थांबणे होय, आणि ही टीका स्थिरचित्राने नम्रपणे स्वीकारावी. परंतु हे अर्ध्या वाटेवरचे थांबणेच त्याचे स्वतःचे कार्य आहे. ते तत्त्वज्ञानाला करता येत नाही आणि काव्यालाही पूर्णांशाने करता येत नाही.

समीक्षकाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक निकष हाती येतो. एखाद्या स्थिरचित्राला आध्यात्मिक म्हणण्यापूर्वी त्यात काय आहे याची यादी करण्याऐवजी त्यातून काय काढलेले आहे हे पाहावे. झुर्बारानची झाकलेली ताटली, कोतानचा न दिसणारा खिळा, मोरांदीच्या बाटलीवरची नाहीशी झालेली चिठ्ठी, बरव्यांनी मागे ठेवलेले मंडल : या अनुपस्थित गोष्टींनीच उपस्थित वस्तूला तिची जागा दिली आहे. समीक्षेचेही काम त्याच जातीचे आहे. प्रतीक, चरित्र, तत्त्वज्ञान ही तिची साधने होत. ती वापरून झाल्यावर तिने ती चित्रावरून उचलून घ्यावीत आणि वाचकाला कोबीपुढे, पेल्यापुढे, बाटलीपुढे एकटे सोडावे.